भाजीची लारी उचलून नेली, यादी दिली नाही. शांतपणे उभं राहायचं म्हटलं तर परवानगी लागते का?

ओटल्यावरची

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारच्या बाजूला राहते. इथे बरीच वर्षं नुसती वाचून जाते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेन भाजीची लारी लावतात. (बाहेरगावच्यांसाठी, लारी म्हणजे हातगाडी, पण इथे हातगाडी म्हटलंत तर कोणी वळूनही बघणार नाही.) मी शाळेत होते तेव्हापासून त्या तिथेच. मागच्या बुधवारी सकाळी साडेदहाला "दबाण आव्युं, दबाण आव्युं" अशी ओरड झाली. दबाण म्हणजे अतिक्रमणवाले. बाकीचे लारीवाले पळाले, यांचं एक चाक खड्ड्यात अडकलेलं, त्या राहिल्या. आईसाठी पाव किलो गवार तोलत होत्या, तर गवार काट्यावर असतानाच काटा उचलला, मग क्रेट, मग लारी, सगळं ट्रॅक्टरमध्ये. मी खाली उतरून विचारलं की पावती द्या, काय काय नेताय ते लिहून द्या, तर "ऑफिसे आवजो" एवढंच. बेन तीनदा जाऊन आल्या. एकदा साहेब मीटिंगमध्ये, एकदा सोमवारी या, एकदा तर वॉचमननेच परत पाठवलं. भाजी अर्थातच सडली असणार.

मी रात्री बसून फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा वाचला. माल जप्त केला तर सहीची यादी द्यायलाच पाहिजे असं त्यात सरळ लिहिलंय. मग आम्ही गल्लीतल्या पंधरा-वीस जणांनी ठरवलं की त्या ऑफिसच्या बाहेर हातात कागद धरून तासभर उभं राहायचं, घोषणा नाहीत, माईक नाही, काही नाही. पण बाबा (रिटायर्ड सरकारी क्लार्क) म्हणतायत की चारच्या वर माणसं जमली की केस होते, तुझा पासपोर्ट अडकेल, गप्प बस.

तर परवानगी खरंच लागते का? आणि अशा उभं राहण्याने काही होतं का, की आपलं आपल्यालाच बरं वाटतं?

पावभर_चिवडा

काही होत नाही ताई. मी मांजलपूरला राहतो, आमच्या कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याची लारी वर्षातून दोनदा जाते आणि दोनदा सुटते, कशी सुटते ते तुम्हाला पण माहितीये. तुम्ही कायदा घेऊन जाल तर उलट त्या बेनवर नजर बसेल, तुम्ही उद्या दुसऱ्या कामाला लागाल आणि रोज तिथे उभं राहायचंय त्यांना. वाईट वाटून घेऊ नका पण आधी त्यांना विचारलंत का?

ओटल्यावरची

@पावभर_चिवडा विचारलं. खरं सांगते, उभं राहायचं ठरवल्यावर विचारलं, आधी नाही, आणि तुमची कमेंट वाचून त्याची लाज वाटली. त्या म्हणाल्या लारीचं बघू नंतर, आधी काटा आणा, काट्याचे पैसे अजून फिटायचेत.

काळ्या_कोटातली

मी बडोद्यातच वकिली करते, त्यामुळे जरा लांबेल.

परवानगीचं आधी. शस्त्राशिवाय शांतपणे जमायचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्येच आहे, आणि त्यावर वाजवी बंधनं घालता येतात हेही तिथेच आहे. यावरची एक मोठी केस आपल्या गुजरातेतलीच, हिम्मतलाल शाह विरुद्ध अहमदाबादचे पोलीस कमिशनर, १९७२, घटनापीठ. त्याचं सार एवढंच की रस्त्यावरच्या सभेवर पोलिस नियम घालू शकतात, पण मनात आलं तर द्यायची नाहीतर नाही अशी परवानगी चालत नाही. आता बाबांचं म्हणणंही अगदी हवेतलं नाही बरं का. पोलीस कमिशनरचा जाहीरनामा निघतो, त्यात चारपेक्षा जास्त लोकांनी विनापरवानगी जमू नये असं असतं, आणि तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं २२३ लागू शकतं (जुनं १८८). सुप्रीम कोर्टाने अनुराधा भसीन केसमध्ये जानेवारी २०२० ला सांगितलंय की १४४ चे जमावबंदीचे हुकूम (आता ते १६३ झालंय) कारणासकट जाहीर केले पाहिजेत आणि लोकांचं रास्त म्हणणं दाबायला ते वापरता येणार नाहीत. हे कोर्टात बोलायला छान आहे. गेटवरच्या हवालदाराला यातलं काही सांगायला जाऊ नका, त्याची ड्युटी बारा तासांची असते.

म्हणून माझा सल्ला. आधी तुमच्या भागात जाहीरनामा चालू आहे का आणि त्यात नक्की काय लिहिलंय ते पोलीस स्टेशनला जाऊन वाचा. असेल आणि आकडा चारचाच असेल तर चारच जण उभे राहा. खरंच सांगतेय. चार जण अर्धा तास, मग ते निघाले की पुढचे चार, बाकीच्यांनी घोळका करून समोर चहा पीत उभं राहायचं नाही, घरीच थांबायचं. आणि दोन दिवस आधी पोलीस स्टेशनला अर्ज द्या, तारीख, वेळ, किती जण, कुठे, दोघांचे मोबाईल नंबर, आणि त्याच्या कॉपीवर पोच घ्या. अर्जात "परवानगी मिळावी" लिहू नका, "जाण असावी" लिहा. परवानगी मागितली की नकार येतो, जाण केली की शिक्का येतो. चारपेक्षा जास्त जण न्यायचे असतील तर मात्र रीतसर परवानगीच मागा, आणि नकार आला तर तो लेखी मागा.

ट्रॅक्टरसमोर आडवं पडायचं नाही, कोणाचा हात धरायचा नाही, ऑफिसचं गेट अडवायचं नाही. सरकारी माणसाला कामात अडथळा म्हणजे २२१ आणि नुसता धक्का लागला तरी १३२ (जुनं ३५३) लावायला बघतात, मग तुमची केस यादीची राहत नाही, धक्क्याची होते. रस्ता तर अजिबात नाही, शाहीनबागच्या निकालात २०२० मध्येच कोर्टाने सांगून टाकलंय की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही.

आता तुमचं खरं शस्त्र. तुम्ही कायदा वाचलात ते चांगलं केलंत, पण मागणी चुकवू नका. "लारी परत द्या" म्हणालात की ती विनंती झाली, मग मेहरबानी सुरू, मग मोठ्या साहेबांची सही, मग पावभर_चिवडा म्हणतात तो रस्ता. "यादी द्या" म्हणा. फेरीवाल्यांच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे (संविधानाचं १९ वेगळं) जप्तीची सही केलेली यादी द्यायचीच आहे, नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच परत करायचा आहे आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. यात कोणाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. जागेवरून हटवायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १८ खाली ३० दिवसांची नोटीस लागते, ती दिली असेल तर तिची कॉपी मागा. एकदा यादी हातात आली की त्यांनी लिहून दिलं की माल आमच्याकडे आहे, त्यानंतर तो हरवत नाही.

सोबत आरटीआय टाका. गुजरातेत फी २० रुपये आहे, केंद्रासारखी १० नाही, याच्यावरून अर्ज परत आलेले मी बघितलेत. "लारी का उचलली" असं विचारायचं नाही, "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "अमुक तारखेच्या जप्ती रजिस्टरच्या पानाची प्रत द्या", "जप्तीचा अधिकार ज्यांना दिला त्या हुकुमाची प्रत द्या", "टाउन व्हेंडिंग कमिटीच्या (म्हणजे फेरीवाल्यांच्या शहर समितीच्या) शेवटच्या मीटिंगच्या मिनिट्सची प्रत द्या" असं विचारा. त्या कमिटीत ४० टक्के फेरीवाले असायला लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. हा तिसरा प्रश्न वाचला की वरची मंडळी फाईल स्वतः बघायला लागतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

बेननी स्वनिधीचं (फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेचं) कर्ज घेतलं होतं का विचारा. घेतलं असेल तर फेरीवाली म्हणून त्यांची नोंद आधीच कुठेतरी झालेली आहे. आणि वकिलाच्या फीची काळजी करू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.

सयाजीगंज_७४

मुली, तुझं "काही होतं का" हे वाचून लिहायला बसलो. माझं टायपिंग हळू आहे.

मी ७४ साली इथे युनिव्हर्सिटीत होतो. नवनिर्माणचं आंदोलन. अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं तिथून पेटलं आणि दीड महिन्यात मुख्यमंत्र्यांना, चिमणभाई पटेलांना, ९ फेब्रुवारीला राजीनामा द्यावा लागला. आम्ही रात्री गच्चीवरून थाळ्या वाजवायचो, सरकारचा मृत्युघंट म्हणायचो त्याला, अख्खं बडोदं एकदम वाजायचं, अंगावर काटा यायचा. माझ्या आईने पितळी परात वाजवून वाजवून पोचे पाडले होते, ती परात अजून आहे. पण मला दुसरी पण एक गोष्ट आठवते. रावपुऱ्यात आमच्यातल्याच एकाने दगड मारला, मी शेजारी होतो, अडवला नाही, मला तेव्हा ते शूर वाटलं. दगड लागला पोलिसाला नाही, एका सायकलवाल्याला. त्यानंतर कर्फ्यू. गुजरातभर त्या दोन-तीन महिन्यांत शंभरच्या आसपास माणसं गेली. सरकार पडलं, विधानसभा बरखास्त झाली, आणि तो सायकलवाला कोण होता ते मला आजवर माहीत नाही.

दुसरं आणीबाणीतलं. बडोदा आणि आणीबाणी म्हटलं की सगळ्यांना डायनामाइट केस आठवते, जॉर्ज फर्नांडिस वगैरेंवर झालेली, जी पुढे ७७ मध्ये मागे घेतली गेली. पण त्याच काळात याच गावातून भूमिपुत्र नावाचं सर्वोदयवाल्यांचं एक छोटं गुजराती पत्र निघायचं, चुनीभाई वैद्य संपादक. खादीवाली माणसं, आवाज सुद्धा न चढवणारी. सेन्सॉरने लेखांवर काट मारली तर ते बॉम्ब घेऊन नाही गेले, वकील घेऊन गुजरात हायकोर्टात गेले, आणि देशभर तोंडं बंद असताना हायकोर्टाने सेन्सॉरच्या त्या सूचनांना चाप लावला. डायनामाइटमुळे आपल्या गावाचं नाव झालं, आणि भूमिपुत्र आज माझ्या नातवाला सोड, मुलाला पण माहीत नाही.

तू उभी राहा. पण सोबत जो कोणी दगड उचलेल असं वाटतं त्याला घरी ठेव.

इतिहासातला_किडा

काका, नमस्कार तुम्हाला 🙏

काळ्या_कोटातली ताई जे म्हणतायत ना की मागणी छोटी आणि नियमातली ठेवा, ते म्हणजे हुबेहूब बारडोलीचा सत्याग्रह. १९२८ मध्ये तिथे शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. वल्लभभाईंनी "इंग्रज चालते व्हा" नाही म्हटलं, "सारा माफ करा" पण नाही, निष्पक्ष चौकशी करा एवढंच म्हटलं, तोवर सारा भरणार नाही, आणि जप्त्या होऊन म्हशी नेल्या तरी कोणी हात उचलला नाही. शेवटी चौकशी बसली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. गंमत म्हणजे चौकशीतला एक अधिकारी ब्रूमफिल्ड, हाच तो जज ज्याने १९२२ ला अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. म्हणजे माणूस तोच, सरकार तेच, पण आकडे समोर मांडल्यावर त्यालाही सारा जास्त आहे असं लिहावं लागलं.

आणि बडोदेकरांनो, अब्बास तय्यबजी आठवतात का? आपल्या संस्थानच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. निवृत्त होऊन आरामात बसायचं तर मे १९३० मध्ये धारासनाच्या मिठागराकडे निघाले आणि अटक झाली, वय ७६. ज्याने उभी हयात कायदा चालवला तोच एक कायदा मोडायला निघाला, तोही शिक्षा घ्यायची तयारी ठेवून, पळून नाही. ओटल्यावरची, तुम्हाला तर मोडायचं पण नाहीये, उलट त्यांच्याकडून पाळून घ्यायचंय. बाबांना हे सांगून बघा.

कोथरूडचा_पादचारी

मी पुण्याचा, मला विरोधी सूर लावायचाय. सगळे लारीच्या बाजूने बोलताय पण फुटपाथ कोणासाठी आहे? माझी आई वॉकर घेऊन चालते, तिला रोज रस्त्यावर उतरावं लागतं कारण फुटपाथवर टोमॅटो असतात. कायद्याचं राज्य म्हणताय तर ते लारीलाही लागू होऊ दे की.

काळ्या_कोटातली

@कोथरूडचा_पादचारी बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच मी लारी परत मागा म्हटलं नाही. तो कोपरा नो-व्हेंडिंग झोन ठरला तर बेनना उठावं लागेल आणि मीच त्यांना तसं सांगेन. पण ते ठरवायचं कमिटीने, सर्व्हे करून, नोटीस देऊन. बुधवारी सकाळी ट्रॅक्टरने नाही. तुमच्या आईंचा फुटपाथ पण त्याच कागदातून मिळणार आहे, नाहीतर आज लारी उचलतात आणि उद्या तिथेच कोणाची तरी बुलेट उभी असते.

कोथरूडचा_पादचारी

बुलेटचं एकदम पटलं. आमच्याकडे दोन उभ्या आहेत.

ओटल्यावरची

थोडं उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

जाहीरनामा चालू होता, चारचाच. त्यामुळे चार-चारच्या पाळ्या केल्या, सकाळी अकरा ते एक, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. पहिल्या पाळीत मी, बेन, त्यांची सून आणि आमच्या समोरच्या जोशीकाकू, जोशीकाका नको म्हणत असताना आलेल्या. हातात एकच कागद, गुजरातीत, मोठ्या अक्षरात "यादी आपो", म्हणजे यादी द्या. खाली बारीक अक्षरात कलम १९. बेनना वाचता येत नाही पण कागद त्यांनीच धरला, म्हणाल्या माझा काटा आहे तर मीच धरणार.

बाबांचं सांगायलाच पाहिजे. आदल्या रात्री मी पोलीस स्टेशनचा अर्ज लिहीत होते तर मागून येऊन वाचला आणि म्हणाले, हा काय अर्ज आहे, विषय कुठे आहे, संदर्भ कुठे आहे. पेन घेऊन सगळा परत लिहिला, "उपरोक्त विषयान्वये" चं गुजराती सुद्धा त्यांना तोंडपाठ. मग म्हणाले, पोच घेशील ती नुसती सहीची घेऊ नकोस, आवक नंबर घे, आवक नंबर पडला की कागद मरत नाही. पासपोर्टचं नाव नाही काढलं परत. तय्यबजींची गोष्ट मी सांगायच्या आत झोपायला गेले.

पहिल्या दिवशी कोणी ढुंकूनही बघितलं नाही. दोन पोलीस आले, मोजलं, एक-दोन-तीन-चार, शिक्क्याचा कागद बघितला, गेले. ऊन असलं होतं की काकूंना चक्कर यायची वेळ आली, तर समोरच्या पानवाल्याने स्टूल आणून दिलं. एक माणूस मोटरसायकल थांबवून आमच्यावर ओरडून गेला की तुमच्यामुळेच ट्रॅफिक होतं, माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, गिळलं. दुसऱ्या दिवशी आतला एक क्लार्क बाहेर येऊन हळूच विचारून गेला, "बेन, लारी जोईए छे के यादी?" (लारी पाहिजे की यादी?) बेन म्हणाल्या, "यादी." तो असा बघत राहिला की जणू ही मागणी त्याने जन्मात ऐकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी साडेबाराला आत बोलावलं. फक्त बेन आणि मी. यादी दिली.

पावभर_चिवडा

काय सांगता. दिली??

ओटल्यावरची

हो. पण थांबा. अर्ध्या कागदावर, बॉलपेनने. "हाथलारी १, प्लास्टिक क्रेट ४, ताडपत्री १, परचुरण शाकभाजी." सही आहे, तारीख आहे, शिक्का नाही. आणि काटा नाहीये त्यात. क्रेट पण सहा होते. मी म्हटलं काटा लिहा, तर म्हणे काटा आमच्याकडे आलाच नाही. माझ्याकडे व्हिडिओ आहे, गवारीसकट काटा ट्रॅक्टरमध्ये जाताना दिसतोय. मी फोन काढणार होते पण बेननी हात दाबला माझा, बाहेर चल म्हणाल्या.

@काळ्या_कोटातली आता काय करायचं? ही यादी घ्यायची की परत करायची? मी सही करून घेतलीये, पण खाली "अपूर्ण यादी मिळाली, वजनकाटा व २ क्रेट नमूद नाहीत" असं लिहून मगच सही केली. ते बाबांनी शिकवलं होतं.

काळ्या_कोटातली

बाबांना माझा नमस्कार सांगा. यादी ठेवा, परत अजिबात करू नका, आणि तिचे तीन झेरॉक्स काढा. आता काट्यासाठी वेगळा अर्ज, त्याच यादीचा संदर्भ देऊन, व्हिडिओची वेळ आणि तारीख लिहून. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवू नका, आणि फेसबुकवर तर त्या माणसाचा चेहरा टाकू नका प्लीज, त्याने वरचा हुकूम पाळलाय. काट्याच्या खरेदीचं बिल आहे का? हप्ता भरतायत म्हणजे काहीतरी कागद असणार.

सयाजीगंज_७४

उद्या मी येतो एका पाळीला. मोठा स्टूल घेऊन येतो, गुडघे राहत नाहीत.

ओटल्यावरची

काका या, तुम्हाला साडेअकराच्या पाळीत घेते, तिथे सावली असते. काट्याच्या हप्त्याचं कार्ड सापडलं, हळदीच्या डब्यात होतं, पिवळं झालंय पण नंबर वाचता येतोय. उद्या बरोबर अकराला, त्याच गेटजवळ. कोणाकडे कार्बन पेपर असेल तर आणा, झेरॉक्सवाला बाराच्या आधी उघडत नाही.